जिवंत माणसाचं विकिपान : कोणाचं ठेवायचं, कोणाचं काढायचं?

धयकालो

मंडळी, रागाच्या भरात धागा काढतोय. भाषा कुठे घसरली तर आधीच माफी.

मी मूळचा कुडाळ तालुक्यातला, पोटासाठी ठाण्यात. गणपतीला गावी गेलो होतो. परत आल्यावर मराठी विकिपीडियावर आमच्याकडच्या एका दशावतारी कलाकाराचं पान तयार केलं. नाव मुद्दाम देत नाही, त्यांना या भानगडीत ओढायचं नाही. वय आता पंचाहत्तरीच्या पुढे. पस्तीसेक वर्षं स्त्रीपार्टी केली. लहानपणी मी देवळाच्या मागच्या पडवीत जाऊन त्यांना रंगताना बघायचो. पेटाऱ्यावर हातभर आरसा टेकवलेला, रंग स्वतःच लावायचे, नऊवारी नेसायला दहा मिनिटं. उठून उभे राहिले की पडवीत बसलेल्या बायका आपापले पदर सारखे करायच्या. दशावतारात लिहिलेली संहिता नसते, आख्यान ठरतं आणि संवाद जागच्या जागी सुचतात. यांची दमयंती आणि तारामती ऐकायला पेडण्याहून माणसं यायची.

तर पान केलं. दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्यातलं एक अख्खं वाक्य उडवलं, 'संदर्भाशिवाय खासगी माहिती' म्हणून. तिसऱ्या दिवशी 'पानकाढा' साचा, म्हणजे पान काढायची सूचना देणारी पाटी, लागला. आठवड्याभरात पान गेलं. कारण काय, तर 'उल्लेखनीयता सिद्ध होत नाही'.

आणि त्याच विकिपीडियावर एका मालिकेत शेजाऱ्याचं काम करणाऱ्या नटाचं पान आहे. त्याची रास आणि आवडता पदार्थसुद्धा आहे. मला एवढंच विचारायचंय : कोण ठरवतं हे? कशावरून?

मिरचीची धुरी

जागा पकडून ठेवते. चहा ठेवलाय.

निशाचर_संपादक

धयकालो, राग समजतो. मी गेली बरीच वर्षं तिथे रात्री-बेरात्री 'अलीकडील बदल' चाळत असतो. तुमच्या पानाला साचा मी लावलेला नाही, पण पुढेमागे लावला असताच. म्हणून जमेल तितकं सांगतो.

पहिली गोष्ट, 'उल्लेखनीयता' हा शब्दच फसवा आहे. ऐकणाऱ्याला वाटतं 'तुमचा माणूस क्षुद्र आहे' असं म्हणतायत. तिथे प्रश्न वेगळाच असतो : या माणसाबद्दल, त्याच्याशी देणंघेणं नसलेल्या कोणी, भरवशाच्या ठिकाणी, चार ओळींपेक्षा जास्त लिहिलंय का? असेल तर पान उभं राहतं. नसेल तर पानात जे येतं ते लिहिणाऱ्याच्या पदरचं असतं, मग तो कितीही प्रामाणिक का असेना. त्यातलं खरं काय आणि ऐकीव काय, हे दुसऱ्या कोणाला तपासता येत नाही.

यातले तीनही शब्द महत्त्वाचे आहेत. देणंघेणं नसलेला : म्हणजे कलाकाराची स्वतःची मुलाखत, नाटक मंडळीचं पत्रक, नातेवाइकांनी काढलेला गौरव अंक हे माहितीला चालतं, पण उल्लेखनीयतेच्या तागडीत त्याचं वजन शून्य. भरवशाचं : छापणाऱ्याच्या मागे कोणीतरी संपादक हवा. आणि चार ओळींपेक्षा जास्त : 'कार्यक्रमास पुढील मान्यवर उपस्थित होते' या यादीतलं नाव म्हणजे लेखन नव्हे.

काही लोकांना पदामुळे थेट दार उघडं असतं. आमदार-खासदार घ्या. महाराष्ट्र विधानसभेचे २८८, विधान परिषदेचे ७८, गोव्याचे ४०, यांना इंग्रजी विकिपीडियावर कोणी फारसं अडवत नाही, कारण त्यांच्याबद्दल लेखन सापडतंच असं धरलंय. सरपंच, नगरसेवक यांना ती सवलत नाही. मराठीवर हे सगळं इतकं काटेकोर लिहिलेलं नाही, आपण बरंचसं तिकडूनच उचलतो.

आता त्या मालिकेतल्या शेजाऱ्याबद्दल. ते पान राहिलंय याचा अर्थ ते योग्य आहे असा नाही. ते अजून कोणाच्या नजरेला पडलेलं नाही, एवढंच. मराठीवर नियमित काम करणारे प्रचालक (पानं काढायचे अधिकार असलेले सदस्य) हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. दुवा द्या, रास आणि आवडता पदार्थ आज रात्रीच काढतो.

धयकालो

म्हणजे ज्याच्याबद्दल पेपरात आलं तो मोठा. पेपरवाले आमच्या जत्रेला कधी येणार? रात्री अकराला नाटक सुरू, पहाटे पाचला संपतं. वार्ताहराची झोप कोण मोडणार?

मिरचीची धुरी

पेपरात यायचं असेल तर वाढदिवस करा की! आमच्या वॉर्डातल्या एका भाऊंचा वाढदिवस झाला. चौकात सोळा फूट फ्लेक्स, वर तीन नेते, खाली चाळीस 'शुभेच्छुक', त्यातला एक तर सहा महिन्यांचा. आणि स्थानिक पेपरात चार पानी पुरवणी. 'दीनदुबळ्यांचा आधारवड.' प्रत्येक लेखाखाली छायाचित्रासह लेखकाचं नाव, आणि सगळे लेखक भाऊंच्याच पतसंस्थेत. उद्या भाऊंचं विकिपान होणार, संदर्भ क्रमांक एक ते सतरा ही पुरवणी.

निशाचर_संपादक

@धुरी, झालंय ते. भाऊ तुमचे का दुसरे कोणाचे माहीत नाही, पण सतरा संदर्भ आणि सगळे एकाच तारखेचे असं पान मी पाहिलंय. वाढदिवसाची पुरवणी म्हणजे जाहिरात. ती स्वतंत्र लेखनात धरत नाहीत. पण हे ओळखायला मराठी वाचणारा आणि आपल्याकडचे पेपर कसे चालतात हे जाणणारा माणूस लागतो.

बे एरिया बंडू

इंग्रजीवर सगळं आलबेल असतं असं समजू नका. २०१८ चं भौतिकीचं नोबेल आठवा. डोना स्ट्रिकलंड, कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात. मेरी क्यूरी (१९०३) आणि मारिया गोपर्ट मायर (१९६३) यांच्यानंतर भौतिकीचं नोबेल मिळालेली तिसरी बाई. २ ऑक्टोबरला नाव जाहीर झालं आणि लोक विकिपीडियावर धावले तर पानच नाही! त्याच वर्षी कोणीतरी मसुदा दाखल केला होता, तो मे महिन्यात 'संदर्भांवरून उल्लेखनीयता दिसत नाही' म्हणून परत पाठवला गेला होता. लेझरच्या ज्या तंत्रासाठी नोबेल मिळालं ते काम १९८५ चं. तेहतीस वर्षं जुनं. त्यांच्यासोबत ज्यांना मिळालं त्या जेरार मूरू यांचं पान मात्र आधीपासून होतं.

घ्या. दमयंतीचं काय घेऊन बसलात.

सौ. खोडरबर

बंडू, हा किस्सा नेहमी अर्धाच सांगितला जातो. स्ट्रिकलंडबाई २०१३ साली अमेरिकेतल्या ऑप्टिकल सोसायटीच्या अध्यक्ष होत्या. प्राध्यापक-शास्त्रज्ञांसाठी तिथे वेगळे निकष आहेत आणि मोठ्या विद्वत्संस्थेचं अध्यक्षपद हा त्यातलाच एक. म्हणजे नियमाने त्या आत होत्याच. तपासणाऱ्याने मसुद्याच्या तळाशी दिलेले संदर्भ पाहिले, बाई कोण आहेत हे पाहिलं नाही. आणि मसुदा लिहिणाऱ्यानेही ते ठळक मांडलं नव्हतं. चूक नियमाची कमी, बघणाऱ्याच्या डोळ्याची जास्त.

अर्थात तो डोळा सारखा एकाच बाजूला का चुकतो, हा प्रश्न उरतोच. इंग्रजीवरच्या चरित्रपानांत बायकांची पानं दहा वर्षांपूर्वी पंधरा-सोळा टक्के होती. तिथे एक गट २०१५ पासून नेटाने त्यावर काम करतोय आणि आता कुठे विसाच्या आसपास पोचलंय.

झाडीचा माणूस

आमच्याकडचं सांगतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया. दिवाळी झाली की झाडीपट्टीची नाटकं सुरू, ती पार होळीपर्यंत. वडशाला नाटक कंपन्यांची हापिसं आहेत, पाट्या लावून. एका रात्री एका गावात हजारोंनी माणसं बसते, धानाच्या बांधीत मंडप टाकून, थंडीत घोंगडी घेऊन. तिथला विनोदी नट रस्त्यानं निघाला तर लेकरं मागं लागतात. पण पुण्या-मुंबईच्या पेपरात? शोधून दाखवा.

२०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा एका दिवसात सगळ्यांना झाडीपट्टी समजली. टीव्हीवाले गावात आले. त्याच्या आदल्या दिवशी त्यांचं काम कमी होतं का जी?

धयकालो

अगदी हेच! आमच्या पिंगुळीचे परशुराम गंगावणे. ठाकर समाजाची कळसूत्री बाहुल्यांची आणि चित्रकथीची कला त्यांनी जपली. गोठ्याच्या जागेत संग्रहालय केलं. २०२१ ला पद्मश्री. आम्ही शाळेची सहल म्हणून तिथे चालत गेलोय, तेव्हा ते पद्मश्री नव्हते. बाहुल्या त्याच होत्या.

पणजीकार

गोव्यातून +१. आमच्याकडे तर मराठी, कोंकणी, इंग्रजी अशा तीन दगडांवर पाय. तियात्राची (कोंकणी संगीत नाटकाची) बातमी रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोंकणीत, नाटकाची मराठीत, आणि तपासणारा इंग्रजीत शोधतो. मिळत नाही, म्हणजे नाहीच!

वकील_नाही_मी

सगळे 'पान का नाही' यावर बोलतायत. मी उलट बाजू मांडतो. पान असणं हे सुख आहे असं कोणी सांगितलं?

जॉन सिगेन्थालर नावाचे अमेरिकन पत्रकार होते, नॅशव्हिलच्या दैनिकाचे संपादक राहिलेले. मे २००५ मध्ये कोणीतरी गंमत म्हणून त्यांच्या विकिपानावर लिहिलं की जॉन आणि रॉबर्ट केनेडी या दोघांच्या खुनात यांचा हात असल्याचा संशय होता. हे चार महिन्यांहून जास्त काळ तसंच राहिलं. आणि हा माणूस कोण? रॉबर्ट केनेडींचा एकेकाळचा सहायक. त्यांच्या शवपेटीला खांदा दिलेला. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांना हे वाचावं लागलं. त्यांनी नोव्हेंबरात राष्ट्रीय दैनिकात लेख लिहिला, मग आरडाओरडा झाला, आणि इंग्रजी विकिपीडियावर खातं नसलेल्यांनी नवी पानं तयार करणं डिसेंबर २००५ पासून बंद झालं. जिवंत माणसांच्या चरित्रांसाठी वेगळं धोरण आलं तेही त्याच सुमारास. २०१० पासून तर जिवंत माणसाच्या नव्या पानाला एकही संदर्भ नसेल तर ठरावीक दिवसांत पान उडतं.

जवळचं उदाहरण हवं तर अर्शदीप सिंग. सप्टेंबर २०२२, आशिया चषक, पाकिस्तानविरुद्ध झेल सुटला. सामना संपतोय तोवर त्याच्या पानावर 'खलिस्तान' घुसवलं गेलं. काही मिनिटांत उलटवलं, पण तोवर स्क्रीनशॉट फिरले होते. सरकारने विकिपीडियाच्या लोकांना बोलावून घेतलं. त्याच्या पानावर हजार डोळे होते म्हणून मिनिटांत सुटला. तुमच्या दशावतारी आजोबांच्या पानावर किती डोळे असतील? दोन. त्यातले दोन्ही तुमचे.

चित्रावशास्त्र्यांनी चरित्रकोश केला : प्राचीन, मध्ययुगीन, अर्वाचीन. पहिल्या दोन खंडांतला एकही माणूस उठून भांडायला येणार नव्हता.

मिरचीची धुरी

शेवटच्या वाक्याला माझ्याकडून एक कटिंग.

धयकालो

वकीलसाहेब, आमच्या आजोबांबद्दल कोण कशाला वाईट लिहील? मी चांगलंच लिहिलं होतं.

वकील_नाही_मी

ते उडवलेलं वाक्य काय होतं, सांगाल का?

धयकालो

'ऐंशीच्या दशकात व्यसनामुळे ते चारेक वर्षं रंगमंचापासून दूर होते. त्यातून जिद्दीने बाहेर पडून त्यांनी पुनरागमन केलं.' यात वाईट काय? उलट कौतुकच आहे. आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे.

वकील_नाही_मी

'सगळ्यांना माहीत आहे.' बरं.

सौ. खोडरबर

धागा तापतोय, तेवढ्यात एक अवांतर. पण अगदीच अवांतर नाही.

माझ्या आतेभावाचा छोटा व्यवसाय आहे. त्याला एका एजन्सीचा फोन आला. 'सर, तुमचं विकिपीडिया पेज करून देतो, गूगलवर उजवीकडे चौकटीत फोटो येईल.' आधी पैसे. पान झालं, दोन आठवड्यांत उडालं. मग त्याच माणसाचा परत फोन : 'सर, पेज वाचवायचं असेल तर महिन्याचं पॅकेज घ्या.' आतेभाऊ मला विचारतो, ताई घेऊ का? म्हटलं, त्या पैशात दुकानाला रंग दे.

हे काही आपल्याकडचंच नाही. २०१५ च्या ऑगस्टमध्ये इंग्रजीवर एक मोठं प्रकरण उघडकीला आलं. ३८१ बनावट खाती बंद केली, २१० पानं काढली. त्यांची पद्धत ऐका. कोणाचा मसुदा नाकारला गेला की ही टोळी त्या माणसाला गाठायची, पैसे घेऊन पान चढवायची, आणि मग पान टिकवायचे महिन्याला पैसे मागायची. म्हणजे 'तुमचं पान नाकारलं' ही यादीच त्यांची गिऱ्हाइकांची वही. पैसे घेऊन लिहिणाऱ्याने तसं जाहीर केलंच पाहिजे हा नियम २०१४ पासून आहे. जाहीर कोण करतं म्हणा.

म्हणून संपादक लोक नव्या चरित्रपानाकडे आधी संशयाने बघतात. त्या संशयात धयकालोंसारखा सरळ माणूस भरडला जातो.

बे एरिया बंडू

यावर उपाय म्हणजे सरळ नियम करा. अमुक पुरस्कार, अमुक वर्षं, अमुक प्रयोग, की पान. वाद संपला.

निशाचर_संपादक

बंडू, केलं होतं ते. क्रिकेटपटूंसाठी तिथे वर्षानुवर्षं असंच होतं : प्रथम श्रेणीचा एक सामना खेळला की पान. परिणाम काय? रणजीचा एकच सामना, पहिल्या डावात चार, दुसऱ्यात फलंदाजी नाही, गोलंदाजी नाही, अशा माणसाचं पान. पानात काय तर जन्मतारीख आणि चार धावा. पुढे तो बँकेत लागला का, हयात आहे का, कोणालाच माहीत नाही. हयात नसलेले लोक 'हयात' म्हणून वर्षानुवर्षं राहिले. शेवटी २०२२ मध्ये खेळाडूंसाठीचे हे 'फक्त खेळला म्हणून' निकष काढून टाकले. नुसत्या आकड्यावर माणूस उभा राहत नाही.

आणि कौल घेऊनही भागत नाही. तिथे पान काढण्याची चर्चा साधारण सात दिवस चालते, लोक 'ठेवा', 'काढा' लिहितात, पण निकाल डोकी मोजून देत नाहीत. गावातल्या तीस जणांना सांगून 'ठेवा' लिहून घेतलं, तरी एका माणसाने आणलेला एक चांगला संदर्भ त्यांच्यावर भारी पडतो.

ग्रंथपाल काकू

उशिरा आले. चाळीस वर्षं वाचनालयात गेली, म्हणून दोन शब्द.

शंकर गणेश दाते यांनी १८०० पासून १९५० पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची केली. त्यात भिकार पुस्तकही आहे आणि थोर पुस्तकही. दात्यांनी कोणाला 'तू लायक नाहीस' म्हणून परत पाठवलं नाही, कारण सूचीचं काम मोजदाद करण्याचं. कोशाचं काम वेगळं. कोशात नोंद घ्यायची तर त्या नोंदीत काहीतरी सांगायला हवं, आणि ते कुठून आणलं हेही सांगायला हवं. तुम्ही लोक कोशाकडे सूची मागताय. विकिडेटा म्हणून त्यांचा एक भाऊबंद प्रकल्प आहे, त्याचा उंबरठा बराच खाली आहे, तिथे नोंद होऊ शकते.

दुसरं. धयकालो, बाळा, तू संदर्भ शोधलास कुठे? गूगलवर ना? मग सापडणार कसा? संदर्भ ऑनलाइनच हवा असा नियम नाही. छापील अंक चालतो. नाव, तारीख, पान, लेखक लिहिलं की झालं. ऐंशी-नव्वदच्या दशकातली साप्ताहिकं, जिल्ह्याचे दिवाळी अंक, नाट्यसंमेलनाच्या स्मरणिका हे सगळं तालुक्याच्या वाचनालयात माळ्यावर पडलेलं असतं. वाळवी आणि कोणीतरी निवृत्त मास्तर, दोघंच ते उघडतात. शिवाय दशावतारावर विद्यापीठांत प्रबंध झालेत. ते वाचायला कोणी जात नाही, त्यात माणसांवर पानंच्या पानं असतात.

तिसरं, संगीत नाटक अकादमीने पंच्याहत्तरी उलटलेल्या आणि तोवर कुठलाच राष्ट्रीय सन्मान न मिळालेल्या कलावंतांसाठी एकदाच एक अमृत पुरस्कार दिला. ८४ जणांना, सप्टेंबर २०२३ मध्ये. त्या यादीत तुझे आजोबा आहेत का बघ. नसतील तर शेजारच्या गावचं कोणी असेल.

झाडीचा माणूस

काकू, आमच्याकडं तर वाचनालयबी नाही. सगळं बोलण्यावर. त्याचं काय करायचं?

निशाचर_संपादक

झाडीभाऊ, हा खरा अवघड प्रश्न. २०११ च्या सुमारास अचल प्रभाला यांनी याच्यावर एक प्रयोग केला होता. मल्याळम, हिंदी आणि दक्षिण आफ्रिकेतली सेपेडी. गावात जाऊन जाणकारांचं बोलणं ध्वनिमुद्रित करायचं आणि त्याचाच संदर्भ द्यायचा. खेळ कसा खेळतात, पदार्थ कसा करतात, अशा विषयांना ते छान बसतं. पण तो प्रयोग नियमांत उतरला नाही. मला त्याचं वाईट वाटतं.

तरी जिवंत माणसाच्या चरित्राला मी स्वतः ते लावणार नाही. पारावरचं बोलणं मीठ-मसाल्यासकट येतं.

पणजीकार

मग तोवर काय, गप्प बसायचं?

ग्रंथपाल काकू

गप्प कशाला? लिहायचं. पण आधी दुसरीकडे. जिल्ह्याच्या अंकात लेख लिहा, मुलाखत घ्या, कलेवरच्या पानात भर घाला. 'दशावतार' या पानातच केवढी जागा आहे. स्त्रीपार्टीची परंपरा, रंग, आख्यानं. व्यक्तीचं पान नाही म्हणून व्यक्तीचं काम अंधारात राहतं असं थोडंच आहे?

मिरचीची धुरी

काकूंना 'प्रचालक' करा.

धयकालो

तीन आठवड्यांनी परत येतोय. मुद्दाम गप्प होतो.

काकूंचं ऐकून मोठ्या भावाला तालुक्याच्या वाचनालयात पाठवलं, मग स्वतः शनिवार-रविवार गेलो. माळ्यावर बांधलेले अंक निघाले. एका दिवाळी अंकात त्यांच्यावर तीन पानी लेख आहे, १९९१ चा. लिहिणारा मंडळीतला नाही, शाळेतला मास्तर. फोटो आहे, आरशासमोरचा. मी थोडा वेळ तसाच बसून राहिलो. प्रबंधही एक मिळाला, त्यात त्यांच्यावर दीड पान. म्हणजे दोन झाले. अमृत पुरस्काराच्या यादीत ते नाहीत.

आता दुसरं. हे लिहायला जिवावर येतंय.

त्यांच्या घरी गेलो होतो. ते माजघरात झोपले होते, म्हणून ओटीवर त्यांच्या मुलीशी बोलत बसलो. मी सहज म्हटलं, मधली चार वर्षं... तर ती एकदम थांबली. म्हणाली, 'तुला कोणी सांगितलं?' म्हटलं, सगळे म्हणतात. ती आत जाऊन एक जुनी फाईल घेऊन आली. मुंबईच्या हॉस्पिटलचे कागद. आजार होता. कोणता ते इथे लिहीत नाही. त्या काळात गावाला सांगायची सोय नव्हती, लोकांनी दारू धरली आणि घरच्यांनी खोडून काढलं नाही, कारण दारू परवडली. म्हणाली, 'माझं लग्न त्या दारूच्या नावावर दोनदा मोडलं.'

ते वाक्य माझ्या पानावर पाऊण दिवस होतं. जिद्द, पुनरागमन वगैरे. ज्याने कोणी उडवलं त्याला मी चर्चा पानावर 'हुकूमशहा' म्हटलं होतं. ते आज काढलंय आणि खाली माफी लिहिलीय.

सौ. खोडरबर

मीच होते ती. माफीची गरज नाही, पण वाचून बरं वाटलं.

मिरचीची धुरी

आईशपथ.

वकील_नाही_मी

धयकालो, हे इथे लिहायला हिंमत लागते. एकच विचारतो, त्यांना स्वतःला पान हवंय का? फारसे सार्वजनिक नसलेल्या माणसाने स्वतः 'माझं पान नको' म्हटलं आणि चर्चा अधांतरी असली, तर इंग्रजीवर त्याच्या बाजूने निकाल देता येतो. कितीही संदर्भ असले तरी हे आधी विचारून घ्यावं.

धयकालो

विचारलं. संध्याकाळी उठल्यावर. आधी त्यांना विकिपीडिया म्हणजे काय ते सांगायला अर्धा तास गेला. फोनवर गंगावण्यांचं पान दाखवलं तेव्हा जरा पेटलं. मग म्हणाले, 'माका कित्याक व्हया ता? आधी आमच्या पेटयेवाल्याचा कर. तेच्याशिवाय माझी दमयंती उभी रवली नसती.' पेटीवाल्यांना जाऊन वीस वर्षं झाली. त्यांच्यावर अजून एक ओळ सापडलेली नाही.

नको असं मात्र म्हणाले नाहीत. जन्मसाल घालू नको म्हणाले, कारण मंडळीत त्यांनी चार वर्षं कमी सांगितलंय.

तर सध्या मसुदा माझ्या धूळपाटीवर (विकिपीडियावरच्या माझ्या सरावाच्या पानावर) आहे. पाच परिच्छेद होते, दोन उरलेत. जे त्या तीन पानांत आणि दीड पानात आहे तेवढंच. पदर सारखे करणाऱ्या बायका गेल्या, त्या फक्त माझ्या डोक्यात आहेत.

ग्रंथपाल काकू

त्या बायकांवर तू वेगळा लेख लिही. या धाग्याच्या पहिल्या प्रतिसादातच अर्धा लिहून झालाय. जिल्ह्याच्या दिवाळी अंकाला पाठव.

निशाचर_संपादक

मसुदा बघतो आज रात्री. त्या १९९१ च्या अंकाचा पान क्रमांक आणि लेखकाचं पूर्ण नाव टिपून घेतलंत ना?

धयकालो

नाव घेतलं. पान क्रमांक... थांबा, भावाला फोन लावतो.